आवण लावलं म्हणजे भात झाला?

गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, अचीव्ह म्हणजे काय?" तिच्या गाइडमध्ये एकच अर्थ दिला होता : मिळवणे. तो चुकीचा नव्हता, पण तेवढ्यावर तिला सोडायला माझं मन घेईना. या एका इंग्रजी शब्दाच्या संगतीत माझी अकरा वर्षं गेली आहेत. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर मी एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून हिंडत असे आणि महिनाअखेरीला इंग्रजीत अहवाल लिहीत असे. त्यात चार रकाने असायचे : काम, टार्गेट, अचीव्हमेंट, टक्के. ते काम सोडून आता बरीच वर्षं झाली. संध्याकाळी पडवीत पोरांना इंग्रजी शिकवते. त्या मुलीला उत्तर द्यायला बसले आणि हा शब्द मला कुठे कुठे भेटला, ते आठवत गेलं. तिला जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते.

१. रकाना जुलैत भरतो, कणगी दिवाळीनंतर

माझ्या दुसऱ्या वर्षी आम्ही चारसूत्री भातशेतीची प्रात्यक्षिकं घेतली. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या भातासाठी बसवलेली ही पद्धत. भाताचं तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा शेतात गाडायचा, हे पहिलं सूत्र. गिरिपुष्पाचा पाला चिखलात दाबायचा, हे दुसरं. तिसरं म्हणजे दोरी धरून जोडओळीत लावणी, १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आळीपाळीने. चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या गोळीचं. चार चुडांच्या मध्ये एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, रोपाच्या मुळाशी राहतं.

आमचं टार्गेट होतं चाळीस शेतकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चाळीस शेतांत आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, दोरीवरची लावणी झाली. मी लिहिलं : टार्गेट चाळीस, अचीव्हमेंट चाळीस, शंभर टक्के. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. भिजलेली साडी पिळत एका म्हातारीच्या ओटीवर बसले होते. तिला म्हटलं, "आजी, आपलं काम शंभर टक्के झालं बघा." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवन लावलं म्हंजी भात झाला काय गो बाय?"

मला तेव्हा ते नेहमीचं जुन्या माणसांचं बोलणं वाटलं. नोव्हेंबरात मी खळ्यांवर फिरले तेव्हा कळलं. गोळ्या मागवायला मी उशीर केला होता. चाळिसांपैकी अकरा जणांच्या शेतात त्या लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी पोचल्या. तोवर चिखल बसला होता, कुणी त्या वरच्यावर फेकल्या, कुणी तशाच पडवीत ठेवल्या. शिवाय ऑक्टोबरात, ऐन कापणीच्या तोंडावर, परतीचा पाऊस कोसळला. लोंब्या आडव्या झाल्या, काही ठिकाणी उभ्या पिकात दाण्याला मोड आले. हे सांगायला माझ्या अहवालात जागा नव्हती, कारण त्या कामाचा रकाना जुलैतच भरून गेला होता. चूक माझी होती. जागा नसली तरी खाली चार ओळी लिहिता आल्या असत्या, मी लिहिल्या नाहीत.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही कामापुढे अचीव्हड् लिहिताना शेजारी तारीख टाकायची आणि स्वतःला विचारायचं, हे लावणीच्या दिवशीचं आहे की मळणीच्या?

२. शब्दाच्या पोटात डोकं आहे

संस्था सोडल्यावर मला चांगला मोठा शब्दकोश घेता आला. त्यात पाहिलं तर अचीव्ह हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ 'डोक्यापर्यंत नेणे', म्हणजे टोकापर्यंत. आजच्या फ्रेंचमध्येही त्याचा भाऊबंद असलेला शब्द 'पूर्ण करणे, संपवणे' याच अर्थाने वापरतात.

ते वाचलं आणि मला म्हातारीचं वाक्य आठवलं. भाताचं डोकं म्हणजे लोंबी. आवण काढलं, मूठ बांधली, चिखलणी केली, लावलं, फुटवे फुटले, पोटरी आली. अजून डोकं आलेलं नाही. लोंबी बाहेर पडली, दुधात आली, भरली, वाकली, की मग. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून निघालेलं कर्जत-३ हे हळवं वाण घेतलं तरी त्याला ११० ते ११५ दिवस लागतात. गरव्या भाताची वाट त्याहून लांबची. त्या दिवसांना कुठलाही अहवाल घाई करू शकत नाही.

आणि त्याच्याही पुढे गिरणी. भरडताना जो दाणा अखंड राहतो, त्याला तांदळाच्या व्यापारात इंग्रजीतून 'हेड राइस' म्हणतात. बाकीची कणी. दोन घरांचं भात वजनाला सारखं भरतं, पण एकाच्या गोणीत अख्खा तांदूळ येतो आणि दुसऱ्याकडे निम्मी कणी, कारण पहिल्याने कापणीची वेळ साधली आणि दुसऱ्याचं भात शेतातच जास्त वाळून तडकलं. म्हणजे तिथेही शेवटी डोक्याचाच हिशेब.

मराठीने या अर्थासाठी वेगळं चित्र निवडलं आहे. आपण काम तडीस नेतो, पार पाडतो. तड म्हणजे काठ, पार म्हणजे पैलतीर. इंग्रजीचा शब्द टोक पाहतो, आपले शब्द पलीकडचा किनारा. पावसात उल्हास नदी भरलेली असताना पलीकडे जायचं असेल तर कमरेइतक्या पाण्यातून अर्धं अंतर तोडलं, हे कुणी अभिमानाने सांगत नाही. मुलांना मी हेच सांगते : अचीव्ह वाचलं की मनात 'तडीस' म्हणा. 'मिळवणे' या शब्दात वाट दिसत नाही.

३. गाडी अचीव्ह होत नाही

वापराचं सांगायचं तर मुलांच्या वह्यांमध्ये सगळ्यांत जास्त चुका इथे सापडतात. एका मुलाने लिहिलं होतं, वडिलांनी पहाटेची कर्जत लोकल अचीव्ह केली. मराठीत आपण गाडीही गाठतो आणि ध्येयही गाठतो, म्हणून त्याला ते बरोबर वाटलं. मुंबईच्या ड्युटीवर जाण्यासाठी अंधारात सायकल हाणत स्टेशन गाठणाऱ्या बापाकडे पाहून मलाही क्षणभर वाटलं की असू द्यावं. पण इंग्रजीत गाडी 'कॅच' करतात.

तसंच इतरही. काम 'कम्प्लीट' होतं किंवा 'फिनिश'. बक्षीस 'विन' करतात. पदवी आणि नोकरी 'गेट' करतात. ज्ञान 'अक्वायर'. वय, उंची, पातळी यांसाठी 'रीच' किंवा 'अटेन'. अठरा वर्षांचं होण्यात कुणाचे कष्ट नसतात, म्हणून तिथे अचीव्ह शोभत नाही. अचीव्हच्या पुढे येतात ते शब्द म्हणजे गोल, टार्गेट, रिझल्ट, सक्सेस, समतोल, शांतता, समता. म्हणजे जे आधी मनात ठरवलेलं असतं आणि ज्यासाठी झिजावं लागतं. 'अकॉम्प्लिश' त्याच्या जवळचा, पण तो हाती घेतलेल्या कामगिरीसाठी जास्त वापरतात.

खोपोलीकडच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणारी आमची पोरं घरी येऊन सांगतात, आज टार्गेट अचीव्ह झालं. ते इंग्रजी वाक्य म्हणून नेमकं आहे, आणि मराठी म्हणूनही आता कुणाला खटकत नाही. मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त त्या पोरांनी 'साधलं' हा शब्द विसरू नये. आमच्याकडे वाफसा साधतात, वेळ साधतात, संधी साधतात. साधण्यात पाऊस, जमीन आणि माणूस यांची गाठ पडलेली असते. कितीही मेहनत करा, वाफसा गेला की गेला. अचीव्हमध्ये एकट्या माणसाच्या जोराचा अर्थ भरून राहिला आहे, ही मला त्या शब्दाची उणीव वाटते.

४. न मागितलेलं पाणी

अचीव्ह करायला आधी हेतू लागतो. हेतू नसताना चांगलं घडलं तर इंग्रजी माणूस तो शब्द वापरत नाही. हे मला पेज नदीकाठी उमगलं.

टाटांचं पहिलं वीजघर खोपोलीला, १९१५ सालचं. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर पाऊस अडवायचा, नळांतून तो खाली सोडायचा आणि विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, असा हेतू. मग १९२२ साली कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला दुसरं वीजघर सुरू झालं. त्याचं पाणी मावळातल्या आंध्रा नदीवरच्या धरणाचं. टार्गेट होतं वीज. ते त्यांनी गाठलं, त्याबद्दल वाद नाही.

पण वीज करून झाल्यावर चाकांखालून बाहेर पडलेलं पाणी कुठेतरी जाणारच. खोपोलीचं गेलं पाताळगंगेला आणि भिवपुरीचं गेलं पेजेत. घाटाच्या पायथ्याच्या इतर नद्या मार्चमध्ये दगड दाखवतात, तेव्हा पेज वाहत असते. पुढे त्या पाण्यावर राजनाल्याचा कालवा झाला आणि कर्जत तालुक्यातल्या कित्येक गावांत उन्हाळी भात उभा राहिला. एप्रिलमध्ये, आजूबाजूचे माळ भाजून निघालेले असताना, मध्येच हिरवागार पट्टा दिसतो तो हा.

वीजघर बांधणाऱ्यांच्या अचीव्हमेंटच्या यादीत उन्हाळी भात असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी तो ठरवला नव्हता. कालवा खणणाऱ्यांनी मात्र ठरवलं, आणि त्या पाण्यावर दुसऱ्यांदा चिखल करणाऱ्या शेतकऱ्यांनीही. म्हणून मी वर्गात हे उदाहरण देते. त्याच पाण्याबद्दल एकासाठी अचीव्हड् लिहायचं, दुसऱ्यासाठी नाही. आणि मुलांना हेही सांगते की आपल्या कामाच्या खालच्या अंगाला काय वाहत जातं ते बघायला शिका. अकरा वर्षांत माझ्या हातून झालेल्या ज्या गोष्टी वाड्यांवर आजही टिकून आहेत, त्यांपैकी बऱ्याच माझ्या टार्गेटमध्ये नव्हत्या. बैठकीसाठी जमणाऱ्या बायकांनी आपसांत सुरू केलेली बाळंतिणीची मदत, ही त्यांतली एक.

५. कर्ता कोण, ते आधी विचारा

हा धडा मला सगळ्यांत उशिरा कळला.

अचीव्ह हे सकर्मक क्रियापद आहे. कुणीतरी काहीतरी अचीव्ह करतो. मराठीत आपण म्हणतो, मला जमलं, मला साधलं, आमचं झालं. माणूस 'मला' होऊन बाजूला उभा राहतो, आणि गोष्ट त्याच्याकडे येते. इंग्रजीत 'आय' पुढे येऊन उभा राहतो. अहवाल लिहिताना मी 'वी' लिहायची. वी अचीव्हड् फॉर्टी. त्या 'वी'मध्ये दोरी धरून दिवसभर वाकणाऱ्या बायका होत्या का? वाचणाऱ्याला तर नक्कीच त्या दिसल्या नसतील.

बोरघाटातली रेल्वे पाहा. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवासी पालखीतून, डोलीतून, पायी चढत. तो रेल्वेने जोडायचं काम १८५६ च्या सुरुवातीपासून १८६३ पर्यंत चाललं. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल. पुस्तकांत लिहितात, जीआयपी रेल्वेने हे अचीव्ह केलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. तो १८६२ साली वारला, पूर्ण झालेला घाट त्याने पाहिला नाही. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, सांभाळून तडीस नेलं. वर्गातल्या मुलींना मी तिचं नाव मुद्दाम लिहून देते.

आणि मजूर? ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं त्या डोंगरात राबत होती. पटकी, हिवताप, सुरुंग, कडे यांनी त्यांतली हजारो गेली. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. लोकांनी मात्र आपल्या परीने एक कर्ता जपून ठेवला आहे. खोपोलीहून घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. सांगतात की साहेबांना वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, इतिहासाच्या कागदाने ती सिद्ध करता येणार नाही. तरीही ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. ज्याला त्या वाक्यात कर्त्याची जागा मिळाली नाही, त्याला लोकांनी देवळात जागा दिली.

कर्जत स्टेशनवर तर हे रोज डोळ्यांसमोर घडत आलं आहे. पुण्याकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या थांबतात, लोक वडापाव घेतात, आणि तेवढ्यात मागच्या टोकाला बँकर इंजिनं जोडली जातात. ती घाटभर गाडी मागून ढकलतात. वर पोचलं की सुटतात. गाडी वेळेवर पुण्याला गेली, असं म्हणताना त्यांचं नाव कुणी घेत नाही. मी शेवटच्या दोन वर्षांच्या अहवालांत 'वी' लिहिणं बंद केलं. बायकांच्या गटाचं नाव लिहायला लागले. वाक्यं लांबली, वरिष्ठांनी दोनदा विचारलंही, पण तसंच ठेवलं.

६. अंडरअचीव्हर हा शब्द मुलावर चिकटवू नका

शाळेच्या कागदांवर अचीव्हमेंटला 'संपादणूक' म्हणतात. १२ नोव्हेंबर २०२१ ला देशभर तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलांची जी चाचणी झाली, तिचं मराठी नाव राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. शब्द मला आवडतो. सोंग घेतलं की ते संपादून न्यावं लागतं, असं जुनी माणसं म्हणतात. म्हणजे पहाट होईपर्यंत, मध्येच मुखवटा न काढता. तिथेही शेवटपर्यंत नेण्याचाच अर्थ आहे.

पण आमच्याकडच्या कातकरी वाड्यांवर दिवाळी झाली की घरं बंद होतात. वीटभट्टीच्या मालकाची उचल आधीच खाऊन झालेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब भट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडाशी परततं. जूनमध्ये शाळेत नाव घातलेलं मूल नोव्हेंबरात विटा पालथ्या करत असतं. पटनोंदणीचं टार्गेट जूनमध्ये शंभर टक्के झालेलं, म्हणजे पुन्हा लावणीच्याच दिवशीचा हिशेब. आणि तेच मूल पुढच्या वर्षी चाचणीत मागे पडलं की त्याच्यासाठी इंग्रजीत एक तयार शब्द आहे, अंडरअचीव्हर. ज्याच्याकडून होण्यासारखं होतं, पण त्याने केलं नाही, असा त्या शब्दाचा अर्थ. वर्षातले सहा महिने ज्याच्या हातात पाटीऐवजी चिखलाचा साचा दिला, त्याला हा शब्द लावणं मला अन्यायाचं वाटतं. मी तो कुठल्याही मुलासाठी वापरत नाही आणि कुणी माझ्यासमोर वापरला तर थांबवते.

७. स्पेलिंग

आय आधी, ई नंतर. वर्गातली निम्मी मुलं उलटं लिहितात. पाठ करून घ्या, दुसरा इलाज नाही.

८. त्या मुलीचं वाक्य

इतकं सगळं सांगून झाल्यावर मी तिला म्हटलं, आता तुझं स्वतःचं एक वाक्य लिहून आण. ती ठाकूरवाडीची. दुसऱ्या दिवशी वही पुढे केली. लिहिलं होतं, माय मदर अचीव्हड् अवर प्लॉट.

प्लॉट म्हणजे त्यांची डोंगरउतारावरची दळी जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तिच्या आईने दावा लावला होता. ग्रामसभेचा ठराव, जुन्या म्हाताऱ्यांचे जबाब, मोजणी, एकदा हरवलेली फाइल, पुन्हा झेरॉक्स. कामाचा दिवस बुडवून बाई तालुक्याला, तिथून प्रांताकडे जात राहिली. दरवर्षी त्याच उतारावर नाचणी-वरी लावत राहिली, कारण जमीन पडीक ठेवली तर दाव्यातला जीव जाईल हे तिला ठाऊक होतं. पट्टा हातात आला तेव्हा ही मुलगी सहावीत होती. दावा लावला तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे जमीन अचीव्ह होत नाही. जमीन 'गेट' होते, मिळते. मी पेन्सिल उचलली आणि तिला म्हटलं, "इथे गॉट लिही. जमीन मिळाली."

ती म्हणाली, "मिळाली नाही ताई. आयने केली."

मी तो शब्द तसाच राहू दिला. त्यात ई आणि आय उलटे पडले होते, तेवढे नीट करून वही परत दिली.